उतरलेला पंचम : व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायरमधला हम कसा शोधावा

रेकॉर्डवर सुई टेकते. आधी बारीक चरचर, मग तानपुरा. आणि तानपुऱ्याच्या मागे कुणीही न लावलेला आणखी एक सूर. जाड, अखंड, श्वास न घेणारा. घरी बांधलेल्या व्हॉल्व्हच्या प्रीअँपमधून येणारा हा 'हम'.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, त्यामुळे हा सूर ५० हर्ट्झचा असतो किंवा त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा. पेटीवर शोधायला गेलात तर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे सापडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा पंचम म्हणजे काळी चार. म्हणजे आपलं यंत्र त्या गायकामागे चोवीस तास एक उतरलेला पंचम धरून बसलेलं असतं. ज्याला गाणं ऐकायचंय त्याला हे सहन होत नाही, आणि होऊही नये.

हम आला की पहिला मोह होतो तो सुटे भाग बदलण्याचा. मोठे कंडेन्सर आण, महागाचे व्हॉल्व्ह आण, शिल्डेड वायर आण. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हम हा एक आजार नाही. चार-पाच वेगवेगळे आजार एकाच आवाजात बोलतात. पण प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी असते. ती ओळखली की सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं.

या लेखात समोर धरलेला प्रीअँप रेकॉर्ड प्लेअरसाठीचा आहे : प्रत्येक चॅनेलला एक याप्रमाणे दोन ईसीसी ८३ व्हॉल्व्ह (यांनाच १२एएक्स७ म्हणतात), ३०० व्होल्टचा सप्लाय आणि ६.३ व्होल्टचे हीटर. व्हॉल्यूम कंट्रोल आउटपुटच्या आधी. रेकॉर्डच्या प्रीअँपमध्ये हम जास्त छळतो, त्याला कारण आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, म्हणून वाजवताना तो तितकाच उचलावा लागतो. १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ साधारण सातपट उचलला जातो. गाण्याचा खर्ज त्याच्या जागी येतो, पण सोबत हमही सातपट होतो.

आधी जीव

व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. सप्लायच्या कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवावा, म्हणजे साठा आपोआप ओसरतो. तरीही प्लग काढल्यावर तीन मिनिटं थांबावं, मल्टिमीटर लावावा आणि आकडा दहा व्होल्टच्या खाली आलेला डोळ्यांनी पाहूनच हात घालावा. यंत्र चालू ठेवून मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे. आणि हम घालवण्यासाठी थ्री-पिन प्लगची अर्थिंगची तार कधीही तोडू नये. हम जाईलही, पण एखाद्या दिवशी चॅसीवर वीज उतरली तर तिला जायला तुमच्या शरीराशिवाय वाट उरणार नाही.

पहिला प्रश्न : हम कुठून येतो?

एक जुनी आरसीए पिन घ्या आणि तिच्या मधल्या काडीला बाहेरच्या कड्याशी सोल्डर करून टाका. अशा दोन 'शॉर्टिंग पिना' म्हणजे या कामातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात खरं बोलणारं उपकरण.

त्या आधी पॉवर अँपच्या इनपुटला लावा, प्रीअँप पूर्ण बाजूला ठेवून. हम अजूनही येतोय? मग प्रीअँप निर्दोष आहे. शांत झालं तर प्रीअँप जोडा आणि पिना त्याच्या इनपुटला लावा. आता हम गेला, तर दोष बाहेर आहे : रेकॉर्ड प्लेअर, त्याची वायर किंवा दोन यंत्रांच्या अर्थिंगची गुंतवळ. टोनआर्ममधून येणारी बारीक अर्थची तार प्रीअँपच्या स्क्रूला लावायची राहून गेलेली असणं हा नेहमी सापडणारा दोष. कार्ट्रिज एखाद्या ट्रान्सफॉर्मरशेजारी येणं हा दुसरा. मोकळ्या इनपुटवर हम ऐकून मात्र घाबरू नका. काहीच न जोडलेलं रेकॉर्डचं इनपुट घुमणारच.

पिना लावूनही हम राहिला, तर व्हॉल्यूम फिरवा. हम कमीजास्त होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात शिरतोय. तसूभरही हलत नसेल तर नंतरच्या. एवढ्या एका हालचालीत शोधाचं क्षेत्र अर्ध्यावर येतं.

दुसरा प्रश्न : सूर कोणता?

५० आणि १०० हर्ट्झ हा एकच सूर आहे, सप्तक फक्त वेगळं. कान तयार करायचा असेल तर गल्लीतल्या डीपीजवळ एक मिनिट उभे राहा. तिथली घूं १०० हर्ट्झची आहे, कारण ट्रान्सफॉर्मरचं लोखंड विजेच्या एका आवर्तनात दोनदा ताणलं जातं. तो आवाज मनात साठवा आणि घरी येऊन स्पीकरला कान लावा. तोच सूर असेल तर १०० हर्ट्झ. त्याहून एक सप्तक खाली, ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारा असेल तर ५०.

१०० हर्ट्झ आला की संशय सप्लायवर, कारण ब्रिज रेक्टिफायर ५० आवर्तनांमधून १०० लाटा काढतो. ५० आला की संशय हीटरवर, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गळतीवर किंवा बाहेरच्या अर्थिंगवर. आणि आवाज गोल नसून त्याला करकरीत धार असेल, तर कंडेन्सर भरतानाचे विजेचे झटके सिग्नलच्या ग्राउंडमध्ये घुसलेत असं समजा. अपवाद एकच : ब्रिजमधला एक डायोड तुटला तर सप्लायही ५० हर्ट्झमध्ये बोलू लागतो.

सप्लाय : हिशेब कागदावर

सप्लाय पुरेसा आहे की नाही हे पाच मिनिटांच्या हिशेबाने कळतं. चार ट्रायोड आणि तो डिस्चार्जचा रेझिस्टर मिळून साधारण ५ मिलिअँपिअर घेतात. पहिला कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरडचा धरला तर त्यावर सुमारे १ व्होल्ट लाट उरते. पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा दुसरा कंडेन्सर. या जोडीतून ती लाट जवळजवळ ३०० पट कमी होऊन साडेतीन मिलिव्होल्टवर येते. अशीच आणखी एक जोडी दिली की उरतात जेमतेम १२ मायक्रोव्होल्ट. या बदल्यात प्रत्येक रेझिस्टरवर काही व्होल्ट गमवावे लागतात, पहिल्यावर सुमारे ५०. ते परवडतं.

म्हणून सुईजवळच्या पहिल्या टप्प्याला नेहमी सर्वात शेवटच्या, सर्वात गाळलेल्या कंडेन्सरमधून पुरवठा द्यावा. हिशेब बरोबर असूनही १०० हर्ट्झचा गोल हम येत असेल तर एखादा कंडेन्सर सुकलेला असेल. यंत्र बंद करून, साठा ओसरू देऊन, संशयित कंडेन्सरला समांतर एक नवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा तात्पुरता जोडा. धन-ऋण टोकं नीट पाहा. हम पडला तर गुन्हेगार सापडला.

हीटर : सहा व्होल्टची चाचणी

हीटरवर संशय असेल तर तर्क करत बसू नका, विचारून घ्या. इमर्जन्सी लॅम्पमधली ६ व्होल्टची बॅटरी आणा. ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या तारा सोडवा, टोकं टेपने झाका, बॅटरीने हीटर पेटवा आणि बॅटरीचं ऋण टोक सिग्नल ग्राउंडला जोडा. दोन ईसीसी ८३ मिळून ६०० मिलिअँपिअर घेतात, बॅटरी निवांत पुरते. हम गेला? मग हीटरच.

उपाय क्रमाने करावेत. हीटरच्या दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात, ग्रिडच्या तारेपासून लांब. हीटरचं वाइंडिंग अधांतरी राहता कामा नये. मधला टॅप असेल तर तो ग्राउंडला, नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला. एवढ्यानेच बहुतेक वेळा फरक पडतो. तरीही उरला तर ग्राउंडऐवजी त्या मध्यबिंदूला ४० ते ५० व्होल्टचा आधार द्यावा : २५० व्होल्टच्या बिंदूपासून २२० आणि ४७ किलोओहमचा विभाजक, खालच्या रेझिस्टरवर १० मायक्रोफॅरड. हीटर कॅथोडपेक्षा धन झाला की त्याच्याकडून कॅथोडकडे होणारी इलेक्ट्रॉनची गळती थांबते. आणि दोन व्हॉल्व्हच्या जागा अदलाबदल केल्यावर हम एखाद्याच व्हॉल्व्हबरोबर चालत गेला, तर तो व्हॉल्व्ह आतून गळका आहे.

ट्रान्सफॉर्मर : फिरवून पाहा

५० हर्ट्झ, पण हीटर निर्दोष? मग ट्रान्सफॉर्मर. यंत्र बंद करून त्याचे स्क्रू काढा, तारांना लांबी द्या, जोड नीट इन्सुलेट करा आणि तो लाकडी फळीवर ठेवून यंत्र सुरू करा. कोरड्या लाकडी काठीने त्याला थोडा सरकवा, फिरवा. एखाद्या कोनात हम झपकन खाली जातो. तीच त्याची जागा. ॲल्युमिनियमचं झाकण इथे कामाचं नाही, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून सहज पार होतं. पोलाद थोडंफार अडवतं. अंतर सर्वात जास्त.

ग्राउंड : वीतभर तारेची गोष्ट

आता सर्वात जास्त फसवणारा भाग. सर्किटच्या नकाशात ग्राउंडची सगळी चिन्हं सारखी दिसतात, म्हणून आपण ती सारखीच मानतो. पण ग्राउंड ही तार आहे, आणि प्रत्येक तारेला थोडा तरी रेझिस्टन्स असतोच.

माझ्या प्रीअँपमध्ये करकरीत हम होता. सप्लायचा हिशेब बरोबर, हीटर बॅटरीवर टाकून पाहिले, ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला. दोन आठवडे काही फरक नाही. मग एका संध्याकाळी ग्राउंडची प्रत्येक तार बोटाने धरून कुठे जाते ते वहीत काढत बसलो, आणि सापडलं. पहिल्या कंडेन्सरचं ऋण टोक आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरचं टोक एकाच टॅगवर होतं, आणि तिथून वीतभर तार ब्रिजकडे जात होती.

रेक्टिफायर कंडेन्सर सतत भरत नाही. लाटेच्या माथ्यावर थोडा वेळ लोंढा सोडतो. सरासरी ५ मिलिअँपिअर असले तरी तो लोंढा ५० पर्यंत जाऊ शकतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या २० सेंटिमीटर तारेचा रेझिस्टन्स सुमारे ७ मिलिओहम. गुणाकार करा : ०.३५ मिलिव्होल्ट. नगण्य वाटतं ना? पण सुईकडून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचाच असतो. त्याच्या चौदाव्या हिश्श्याइतका झटका, सेकंदाला १०० वेळा, थेट पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी.

उपाय नव्या सामानाचा नव्हता, वाटा वेगळ्या करण्याचा होता. ब्रिजच्या धन आणि ऋण तारा थेट पहिल्या कंडेन्सरच्या टोकांवर, तो लोंढा तिथल्या तिथे फिरावा. त्या कंडेन्सरच्या ऋण टोकापासून एकच तार दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. प्रत्येक टप्प्याचं ग्राउंड ज्या कंडेन्सरमधून त्याला पुरवठा मिळतो त्याच्याच पायाशी. आणि चॅसीला सगळ्याचा जोड एकाच ठिकाणी, इनपुटजवळ. चॅसी मात्र अर्थिंगला पक्की. प्रीअँप आणि पॉवर अँप दोन्ही अर्थिंगवर असल्याने वळसा तयार होत असेल, तर सिग्नल ग्राउंड आणि चॅसी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, उलटसुलट जोडलेले दोन दणकट डायोड घालावेत. वळसा तुटतो, सुरक्षितता राहते.

एक नियम सगळीकडे : एका वेळी एकच बदल, आणि लगेच वहीत नोंद. दोन बदल एकत्र केले की एकाने कमी केलेला हम दुसऱ्याने वाढवलेला असू शकतो, आणि आपल्या हाती काहीच लागत नाही.

ती वीतभर तार हलवून मी झाकण लावलं आणि तीच रेकॉर्ड लावली. चरचर आली, तानपुरा आला. मी पंचमाच्या तारेकडे कान दिला. तिच्याखाली आता दुसरं कुणी नव्हतं.