गालिचा कोणाच्या खाती?

१८८२ साली पुण्यात किर्लोस्कर मंडळींनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ‘आयोलँथी’ ही विनोदी संगीतिका प्रथम झाली. शब्द गिल्बर्ट यांचे, संगीत सलिव्हन यांचे, भांडवल व व्यवस्था रिचर्ड डॉयली कार्ट यांची. या त्रयीच्या संगीतिकांनी इंग्लंड वेडे केले. एकट्या ‘मिकाडो’चे सलग ६७२ प्रयोग झाले. व्यापारी घरांतील वाचकांना मात्र त्यांच्या गाण्यांइतकीच त्यांची खातेवहीही वाचनीय वाटेल.

१८८३ च्या कराराप्रमाणे खर्च वजा जाता उरलेला नफा तिघांत समान वाटायचा. खर्चात नाट्यगृहाचे वार्षिक ४,००० पौंड भाडे, शिवाय प्रयोगांमुळे होणारी दुरुस्ती व किरकोळ बाबी. नाट्यगृह कार्ट यांच्याच मालकीचे, म्हणजे भाडे घेणारा आणि हिशेब लिहिणारा एकच. भरभराटीच्या काळात ही गोष्ट कोणाला खटकली नाही. खटकायला हवी होती.

१८९० च्या एप्रिलमध्ये गिल्बर्ट हिंदुस्थानचा प्रवास करून परतले आणि त्यांनी ‘गाँडोलिअर्स’चा प्रारंभिक खर्च पाहिला : ४,५०० पौंड. त्यात नाट्यगृहाच्या दर्शनी भागासाठी घेतलेला नवा गालिचाही होता. तो १४० पौंडांचा. गिल्बर्ट यांच्या मनात मात्र ५०० चा. त्यांचा प्रश्न कोणत्याही मुनिमाला सुचेल असाच होता : इमारत ज्याची, तिची शोभाही त्याचीच; मग तिचा खर्च संगीतिकेच्या नावे का पडावा? कार्ट यांनी तो देखभालीत धरला होता. दोघेही तापट. वाद शब्दावरून शब्दावर गेला आणि शेवटी न्यायालयात पोहोचला.

सलिव्हन कार्ट यांच्या बाजूस राहिले. त्यांच्या गंभीर संगीतनाट्यासाठी कार्ट नवे भव्य नाट्यगृह उभारीत होते, हे त्यामागचे उघड कारण. गिल्बर्ट यांना पैशाहून हेच अधिक झोंबले असावे. पुढे हिशेब उलगडला तेव्हा विजेच्या दिव्यांच्या खात्यातच सुमारे १,००० पौंड जास्त लावल्याचे कार्ट यांनी कबूल केले. चूक अनवधानाने झाली, असे त्यांचे म्हणणे. योगायोग असा की, संपूर्णपणे विजेवर उजळणारी जगातली पहिली सार्वजनिक इमारत म्हणून १८८१ पासून सॅव्हॉयचा लौकिक होता!

समेटाचे कार्ट पतीपत्नींचे प्रयत्न फसले. अखेर संगीतप्रकाशक टॉम चॅपेल यांनी कवी व संगीतकार यांना एकत्र आणले. १८९३ पासून पुढे दोन संगीतिका झाल्या, पण जुना रंग काही भरला नाही. पेढी मात्र टिकली. कार्ट यांच्या पत्नी हेलन या व्यवहारात विलक्षण चतुर. अनेक फिरती पथके इंग्लंडच्या गावोगावी हेच खेळ नेत, त्यांचा मोठा भार त्यांनी वाहिला. पुढे पुत्र रूपर्ट, मग नात ब्रिजेट. तिसऱ्या पिढीपर्यंत हेच जुने खेळ जपले गेले. १९६१ च्या अखेरीस गिल्बर्ट यांच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क संपला, तशी मक्तेदारीही गेली. सरकारी अनुदान मिळाले नाही आणि १९८२ च्या फेब्रुवारीत शंभरीपार गेलेल्या त्या मंडळीवर पडदा पडला.

मूळ भागीदारांचे पुढे काय झाले? १८९८ च्या नोव्हेंबरात ‘सॉर्सरर’च्या पुनःप्रयोगानंतर टाळ्यांच्या गजरात गिल्बर्ट आणि सलिव्हन रंगमंचावर आले, प्रेक्षकांना वंदन केले आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता निघून गेले. क्षमायाचनेचा एखादा नेमलेला दिवस त्यांच्या समाजात असता तर, असे आपल्यासारख्यांच्या मनात येऊन जातेच.

दोन वर्षांनी, १९०० च्या नोव्हेंबरात, ‘पेशन्स’च्या रात्री तिघांनी एकत्र पुढे यायचे ठरले होते. सलिव्हन आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. कार्ट आणि गिल्बर्ट दोघेच आले. पंधरा दिवसांनी सलिव्हन वारले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कार्ट.