महाविद्यालयांत गेलेलीं मुलें कोठें जातात?

माझा जन्म शाळामास्तरकींत गेला, आणि त्यांतलीं बहुतेक वर्षें संगमनेर व अकोले या दोन तालुक्यांतील खेड्यांत गेलीं. स्वतः मी एस. एस. सी. च्या पुढें गेलों नाहीं. ती परीक्षा झाली, शिक्षकाची पदविका घेतली आणि खडू हातीं धरला. तेव्हां विद्यापीठाविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याचा मला हक्क नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. पण एका कामांत शाळामास्तराचा हात धरणारा विरळा, आणि तें काम म्हणजे रजिस्टर लिहिणें. आजचा विषय मुळांत रजिस्टराचाच आहे.

शाळेंत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाड बांधणीचें पुस्तक असतें. मूल प्रथम शाळेंत आलें कीं त्यास त्यांत एक क्रमांक मिळतो. नांव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख असें लिहीत लिहीत शेवटीं दोन रकाने येतात: शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचें कारण. या कारणाच्या रकान्यानें मला पुष्कळ शिकविलें. 'पालकांची बदली', 'पुढील शिक्षणासाठीं', 'सतत गैरहजर' असे ठराविक शब्द त्यांत पडतात. त्यांपैकीं 'सतत गैरहजर' हें कारण नव्हेच. कारण शोधण्याचा कंटाळा आल्याची ती कबुली आहे, आणि मींही ती अनेकदां दिलेली आहे. पण निदान रकाना तरी होता. मूल आलें केव्हां आणि गेलें केव्हां, हें एका ओळींत सांपडत असे.

मूल बारावी होऊन महाविद्यालयांत गेलें म्हणजे ही ओळ पुढें चालते काय? आपण मुलांमुलींस महाविद्यालयांत घालतों, वसतिगृहाचे पैसे भरतों, तीन वर्षांचा हिशेब मनाशीं मांडतों. पण त्यांच्याबरोबर पहिल्या वर्षांत बसलेल्या शंभरांपैकीं पदवीपर्यंत किती पोंचतात, असें कोणी विचारलें तर नेमकें उत्तर मिळणें कठीण.

पूर्वीं हा प्रश्नच पडत नसे, कारण माणसें मोजकीं होतीं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते अवघे चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे तर आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतले, निफाडचे. चौघांचें पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. विश्वविद्यालयाच्या कॅलेंडरांत पदवीधरांचीं नांवें छापलीं जात. जे मध्येंच सुटले त्यांचीं नांवें छापण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आलेल्याची नोंद आणि पार पडलेल्याचा गौरव, मधल्याची विचारपूस नाहीं, अशी ती जुनी वहिवाट आहे.

पुढें १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ निघालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरु. आरंभीं १८ महाविद्यालयें आणि आठ हजारांवर विद्यार्थी एवढाच त्याचा संसार होता. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे, आणि पुणें, नाशिक व आमचा अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयें मुख्यतः त्यास जोडलेलीं आहेत. संगमनेरांत १९६१ सालीं महाविद्यालय झालें. त्यापूर्वीं येथल्या मुलास पुणें, नाशिक नाहींतर नगर गांठावें लागे. घरची ऐपत असेल तोच जाई. महाविद्यालय दाराशीं आल्यावर डोंगराकडच्या वाडीवरचीं मुलें एस. टी. नें येऊं लागलीं, विडीकामावर पोट असलेल्या घरांतल्या मुली येऊं लागल्या. दार मोठें झालें, ही चांगलीच गोष्ट. पण जें दार येण्यास मोठें होतें तें जाण्यासही मोठें होतें, आणि जाणाऱ्याकडे पाहण्यास तेथें कोणी बसलेला नसतो.

आतां मोजण्याची रीत पाहूं. येथें थोडें अंकगणित ऐकावें लागेल, त्याबद्दल क्षमा असावी. मास्तराची ती खोड आहे.

एक काल्पनिक महाविद्यालय घेऊं. तीन वर्षांपूर्वीं त्याच्या पहिल्या वर्षांत ३०० विद्यार्थी आले. यंदा पहिल्या वर्षांत ४०० आले आहेत. यंदा शेवटच्या परीक्षेस २०० जण बसले आणि १८० पदवीधर झाले. महाविद्यालय बसस्थानकासमोर फलक लावील, 'निकाल ९० टक्के'. हें असत्य नाहीं. दोनशें बसले, एकशें ऐशीं पार पडले. मात्र जो परीक्षेपर्यंत पोंचलाच नाहीं तो या हिशेबांत कोठेंच नाहीं. नदींत उतरलेले किती हें न सांगतां पैलतीराजवळ आलेल्यांपैकीं किती काठावर चढले एवढेंच सांगावें, तशांतला हा प्रकार आहे.

दुसरा कोणी म्हणेल, विद्यार्थी ४०० आणि पदवीधर १८०, म्हणजे ४५ टक्के. हेंही चुकलें. यंदाचे ४०० आणि यंदाचे १८० हीं निरनिराळीं माणसें आहेत. प्रवेश वाढत असेल तर या रीतीनें महाविद्यालय उगीच वाईट दिसतें, आणि प्रवेश घटत असेल तर उगीच चांगलें. तिसरा शहाणा तीन वर्षांपूर्वींचे ३०० घेतो आणि ६० टक्के म्हणतो. हा सत्याच्या जवळ आला. पण १८० पदवीधरांतील ४० जण त्याहूनही मागचे आहेत, ज्यांचे विषय अडकले होते. आणि २० जण दुसरीकडून मधल्या वर्षांत येथें आलेले. मूळच्या ३०० पैकीं वेळेवर पार पडले ते १२० च, म्हणजे शेंकडा ४०.

उरलेल्या १८० जणांचें काय? समजा, त्यांपैकीं ३० जण पुण्यास वा नाशकास दुसऱ्या महाविद्यालयांत गेले आणि तेथें वेळेवर पदवीधर झाले. ५० जणांचे विषय राहिले आहेत. आपल्याकडे एखाददुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गांत बसूं देतात, ज्याला मुलें ए. टी. के. टी. म्हणतात, त्या वाटेनें ते रेंगाळत आहेत. आणखी दोन वर्षें वाट पाहिली तर त्या ५० पैकीं ३५ पार पडतील असें धरूं. मग १२०, ३० आणि ३५ मिळून १८५ होतात, म्हणजे शेंकडा जवळजवळ ६२. आणि १०० जण कायमचे सुटले.

नव्वद, पंचेचाळीस, साठ, चाळीस, बासष्ट! महाविद्यालय एकच, मुलें तींच. म्हणून कोणी टक्केवारी सांगूं लागला तर प्रथम विचारावें, खालचा आंकडा कोणाचा? खरी मोजणी ती, जींत एका सालीं आलेली तुकडी नांवनिशीवार हातीं धरली जाते आणि तिच्यांतील प्रत्येकाचा शेवटपर्यंत पाठपुरावा होतो.

आपल्या देशांत २०१०-११ या वर्षापासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण होत आलें आहे. काम मोठें आणि उपयोगी आहे. २०२१-२२ च्या सर्वेक्षणांत देशांत सुमारें ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत असल्याचें दिसलें. अठरा ते तेवीस या वयाच्या लोकसंख्येशीं तें प्रमाण शेंकडा २८.४ पडतें, मुलींचें २८.५ आणि मुलांचें २८.३, म्हणजे मुली रेसभर पुढेंच. २०३५ पर्यंत हें प्रमाण ५० वर न्यावें असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ठरविलें आहे. त्या वर्षीं एक कोटीहून अधिक विद्यार्थी शेवटच्या परीक्षा उत्तीर्ण झाले, असेंही हें सर्वेक्षण सांगतें. पण ही शिरगणती आहे. दर वर्षीं किती डोकीं बसलेलीं आहेत हें तींत मोजलें जातें. गेल्या वर्षीं बसलेलें डोकें यंदा कोठें आहे, तें नव्हे. शिवाय एखादा मुलगा दोन वर्षें नापास होऊन पांच वर्षें बसून राहिला, तरी या प्रमाणांत दर वर्षीं त्याची भरच पडते.

अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानें महाविद्यालयांस ही तुकडीची मोजणी करून लोकांपुढें मांडणें भाग पाडलें. पदवीस ठरलेला काळ असेल त्याच्या दीडपट मुदत द्यावयाची, म्हणजे चार वर्षांच्या पदवीस सहा, आणि तेवढ्यांत किती पार पडले तें सांगावयाचें. त्यांतही खोट राहिली. जो विद्यार्थी दुसरीकडे जाऊन पदवीधर झाला तो पहिल्या संस्थेच्या खात्यावर गळलेलाच दिसे. निरनिराळ्या संस्थांच्या याद्या जुळविणारी एक मध्यवर्ती संस्था १९९३ पासून तेथें काम करूं लागली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी स्टेट युनिव्हर्सिटीनें २०१६ सालीं चार वर्षांत पदवीधर होणाऱ्यांचें प्रमाण २०२५ पर्यंत शेंकडा ४० वर नेण्याचा संकल्प जाहीर केला. त्या वेळीं तें प्रमाण सुमारें एक पंचमांश होतें. आपल्याकडे एवढा लहान आंकडा कोणी फलकावर लिहिला असता काय?

आपल्याकडे अडचण आहे ती मुख्यतः जाणाऱ्याची. विद्यापीठ विद्यार्थ्यास कायम नोंदणी क्रमांक देतें, तो त्या विद्यापीठापुरता चांगला. पण जाणारा सांगून जात नाहीं. दाखला मागितला तरच मिळतो, आणि गुपचूप सुटलेला तो मागत नाहीं. त्याचे मूळ कागद कचेरीच्या कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची चौकशी करण्यास मी एकदां एका महाविद्यालयांत गेलों होतों. तेथले कारकून मोठे सालस गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, येणाऱ्याची पावती असते, जाणाऱ्याची नसते. फी भरली नाहीं कीं आम्ही नांव कमी करतों, एवढेंच."

'नांव कमी केलें' या तीन शब्दांखालीं किती निरनिराळीं आयुष्यें झांकलीं जातात तें पाहा. बी. एस्सी. चें पहिलें वर्ष करून पुढच्या जूनमध्यें औषधनिर्माणाच्या अभ्यासक्रमास गेलेला मुलगा त्यांत आहे. त्याचें बरेंच झालें. दुसऱ्या वर्षीं पोलीस भरतींत निवड झालेला आहे. त्याच्या घरीं पेढे वाटले गेले. बाप आजारी पडला म्हणून टोमॅटोच्या बागेवर परत गेलेला आहे. मुक्कामाची एस. टी. बंद पडली म्हणून घरीं बसविलेली मुलगी आहे. इंग्रजींत दोनदां राहिला आणि लाजेनें फिरकला नाहीं असाही आहे. पहिल्या दोघांसाठीं कोणी कांहीं करावयास नको. तिसऱ्यास वेळीं शिष्यवृत्ति मिळती तर बहुधा टिकता, चौथीला एक गाडी पुरे होती, आणि पांचव्यास महिनाभर संध्याकाळीं बसवून घेणारा शिक्षक. परंतु रजिस्टरांत पांचही सारखेच! २०२४ सालीं आपल्या राज्यांत अनेक मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालें. निर्णय स्तुत्य आहे. पण त्यानें प्रवेश किती वाढला एवढेंच मोजून भागणार नाहीं. फीसाठीं सुटणाऱ्या मुली आतां टिकल्या काय, आणि एस. टी. साठीं सुटणाऱ्या तशाच सुटतात काय, हें निराळें पाहावें लागेल.

आतां साधन हातीं आलें आहे. २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें शैक्षणिक श्रेयांकांची पेढी सुरू केली. विद्यार्थ्यानें मिळविलेले श्रेयांक तींत त्याच्या नांवें जमा होतात आणि तो दुसऱ्या विद्यापीठांत गेला तरी त्याच्याबरोबर जातात. त्याच्या जोडीला २०२३ पासून बारा अंकी 'अपार' क्रमांक आला, तो शाळेपासूनच मिळावा अशी योजना आहे. म्हणजे माझ्या जनरल रजिस्टराची ओळ आतां पदवीपर्यंत लांबूं शकते.

पण एक शंका मला भेडसावते. नव्या रचनेंत एक वर्ष करून सुटल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षें केल्यास पदविका, तीन वर्षांनीं पदवी आणि चार वर्षांनीं विशेष पदवी, अशी सोय आहे. आपल्या राज्यांत संलग्न महाविद्यालयांत हें २०२४-२५ पासून लागू झालें, आणि त्या तुकडीचीं तीन वर्षें २०२७ मध्यें भरतात. सुटणारा रिकाम्या हातानें जात नाहीं, ही दया खरी. मात्र ज्यास पैशाअभावीं पहिल्याच वर्षानंतर जावें लागलें त्यासही 'प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला' असें लिहितां येईल, आणि मग कागदावर गळती नाहींशी होईल. स्वखुषीनें उतरलेला आणि ढकलला गेलेला, यांत फरक करणारा रकाना त्या यंत्रांत हवा. तो भरावयाचें काम यंत्राचें नव्हे. कोणीतरी त्याच्या घरीं जाऊन विचारावें लागेल, किंवा निदान दूरध्वनि करावा लागेल. शंभर विद्यार्थ्यांमागें एका प्राध्यापकानें दिवाळीनंतर तीन संध्याकाळ दिल्या तर हें होतें, असा माझा शाळेंतला अनुभव आहे. दिवाळीनंतर म्हणण्याचें कारण असें कीं, बहुतेक मुलें सुटीला घरीं जातात तीं परत येत नाहींत. फीची नोटीस लागेपर्यंत तीन महिने गेलेले असतात.

आणि मुदत किती धरावी हाही प्रश्न आहेच. आमच्या शाळेंतील एक मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षीं लग्न होऊन सासरीं गेली. पुढें दोन मुलें झाल्यावर, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांत नांव घालून, रविवारच्या वर्गांस जाऊन ती पदवीधर झाली. कोणत्याही देशाच्या दीडपट मुदतींत ती बसत नाहीं. पेढे घेऊन ती मला भेटावयास आली, तेव्हां मी तिला तिच्या पहिल्या महाविद्यालयांत कळविलें काय म्हणून विचारलें. ती हसून म्हणाली, "गुरुजी, तिथें कोणाला सांगूं?" तेथल्या रजिस्टरांत तिचें नांव अजून दुसऱ्या वर्षाच्याच पानावर आहे, तांबड्या शाईनें खोडलेलें.