लंगडतंय म्हणजे खुरकूतच, असं नाही

पावसाळ्यात रायगडातल्या उरणच्या गावांत गाय लंगडायला लागली की निदान ठरलेलं असतं: खुरकूत. मग कुणी खुरावर जळकं ऑइल ओततं, कुणी जनावर चिखलात उभं करतं, कुणी मांडीवर डाग देतं. लंगडण्यामागे प्रत्यक्षात बरीच वेगवेगळी कारणं असतात आणि त्यांतल्या एखाद्यात वाया गेलेला एक दिवसही जनावराच्या जिवावर बेततो.

खरी लाळ्या खुरकूत विषाणूमुळे होते. जनावराला सणकून ताप येतो, तोंडात फोड येतात, लाळेची तार लागते, खुरांच्या बेचक्यात फोड फुटतात आणि पाठोपाठ गोठ्यातली बाकीची जनावरंही आजारी पडतात. एकच गाय एकाच पायाने लंगडत असेल, तोंड स्वच्छ असेल, चारा नीट खात असेल, तर खुरकुतीची शक्यता फार कमी. मेंढीचं मात्र वेगळं. तिच्या तोंडातले फोड बरेचदा नजरेलाच पडत नाहीत. कळपातल्या अनेक मेंढ्या एकाएकी लंगडणं हीच मोठी खूण. या रोगाची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते. गाई-म्हशींना ती दर सहा महिन्यांनी द्यायची असते. एकदा टोचली की आयुष्यभर पुरते, हा समज चुकीचा आहे.

पाय उचलून, धुऊन, नीट पाहिल्याशिवाय कोणतंही औषध लावू नये. दुखणं बहुतेक वेळा खुरातच असतं, गाईत तर बरेचदा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखात. कंटेनरच्या रस्त्यांकडेला चरणाऱ्या गुरांच्या खुरात तारेचा तुकडा, खिळा किंवा काच रुतलेली असू शकते. तळव्यावर बारीकसा काळा ठिपका दिसतो आणि तिथे दाबलं की गाय पाय झटकते. वरून ऑइल ओतल्याने आतला पू बाहेर येत नाही.

चिखलात उभं केल्याने खुरांना आराम पडतो, हा समजही घातक आहे. सतत भिजलेली बेचक्यातली कातडी मऊ होऊन फाटते, तिथे जंतू शिरतात आणि कुजका वास येऊ लागतो. मेंढ्यांतली ही सड कळपभर पसरते. दिवाळीनंतर घाटावरून रायगडात उतरणारे धनगर पावसाआधी कळप परत नेतात, ते याच अनुभवातून. 'मेंढराला कोकणातला चारा मानवत नाही' असं म्हणतात. खरी अडचण इथल्या ओलीची आहे. या सडीचा मुख्य जंतू मातीत साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही, तो टिकतो लंगड्या मेंढीच्या खुरात. म्हणून ती पहिल्याच दिवशी वेगळी काढावी. बाकीच्यांचे पाय धुऊन त्यांना १० टक्के झिंक सल्फेटच्या, म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो या प्रमाणातल्या, द्रावणात उभं करावं आणि नंतर कोरड्या जागी ठेवावं. मोरचूद मेंढ्यांसाठी टाळलेला बरा, कारण त्यातलं तांबं त्यांना चटकन बाधतं. उरलेलं द्रावण खाडीत किंवा खाचरात ओतू नये. सडलेलं खूर रक्त येईपर्यंत कोरायची पद्धतही सोडायला हवी. इंग्लंडमधल्या प्रयोगांत असं कोरलेल्या मेंढ्या उशिरा बऱ्या झाल्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फऱ्या या रोगाला 'मुका मार' समजणं. सहा महिने ते दोन वर्षांचं, अंगाने भरलेलं वासरू पावसाच्या सुरुवातीला अचानक लंगडतं. मांडी किंवा खांदा सुजतो, गरम लागतो आणि हाताने दाबलं की कातडीखाली चरचर जाणवते. अशा वेळी तेल चोळत बसू नये, तडक पशुवैद्याला बोलवावं. पेनिसिलिन वेळेत मिळालं तरच आशा असते. एरवी एक-दोन दिवसांत सगळं संपतं. मेलेलं जनावर फाडू नये, चुना टाकून खोल पुरावं, कारण या रोगाच्या जंतूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते.

आज एक पाय, उद्या दुसरा, अंगात कणकण आणि तीन-चार दिवसांत बरं, असं असेल तर तो बहुधा तिवा. तो चावणाऱ्या कीटकांमुळे पसरतो. या दिवसांत नळीने काढा पाजू नये; गिळायला त्रास होत असल्याने तो फुप्फुसात उतरतो.

लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात गाईला पोटभर घालणं पुण्याचं मानलं जातं. त्याने पोटात आम्ल वाढतं, खुराच्या आतला भाग सुजतो आणि लंगडणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतं. तोवर पंगत कुणाला आठवतही नसते.

वेदनाशामकाबद्दल एक गोष्ट. माणसांचं डायक्लोफिनॅक जनावरांना टोचू नये. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. याच रायगडात, म्हसळ्याजवळच्या चिरगावला, लोकांनी गिधाडं जपली आहेत. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. पशुवैद्याकडे तेच मागावं.