कुंवरसिंह केवळ कर्जापायी लढले?

बिहारमधल्या जगदीशपूरचे जमीनदार कुंवरसिंह 1857च्या उठावात उतरले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. उज्जैनिया राजपूत घराणे, शहाबाद जिल्ह्यात मोठी जमीनदारी आणि डोक्यावर तसेच मोठे कर्ज. इस्टेट हातची जाणार म्हणून म्हाताऱ्याने तलवार उपसली, त्यात देशाचा प्रश्न कुठे आला, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. तो अगदीच निराधार नाही. महिन्याभरात सगळ्या कर्जाची सोय लावा, नाहीतर तुमच्या व्यवहारातून आम्ही अंग काढून घेतो, असे महसूल बोर्डाने त्यांना बजावले होते. पाटण्याचे कमिशनर विल्यम टेलर यांनाही बोर्डाची ही ताकीद पटली नव्हती. कर्जाने कुंवरसिंहांना ईस्ट इंडिया कंपनीपासून तोडले, हे मान्यच करायला हवे. पण नाराज होणे निराळे आणि पुढचे नऊ महिने लढत राहणे निराळे.

25 जुलै 1857 रोजी दानापूरच्या पलटणी उठल्या, शोण नदी ओलांडून शहाबाद जिल्ह्यातल्या आऱ्याला आल्या आणि त्यांनी कुंवरसिंहांचे नेतृत्व पत्करले. तिथले इंग्रज आणि पन्नासेक शीख शिपाई रेल्वेचे इंजिनियर बॉइल यांच्या आवारातल्या एका दुमजली घरात कोंडले गेले. त्यांना बाहेर काढण्यासाठी बंडवाल्यांनी मिरच्यांचा धूर केला, भुयार खणले. आतल्यांनी पाण्यासाठी घरातच विहीर खणली. आठवड्याभराने मेजर आयर यांनी वेढा उठवला आणि मग जगदीशपूरचा वाडा, देऊळ सगळे जमीनदोस्त केले. आता वाचवायला इस्टेट उरलीच नव्हती. माफीची आशा नव्हती म्हणून लढले, असे कोणी म्हणेल. पण नुसता जीव वाचवायचा असता तर नेपाळची तराई होती. ते रेवा, बांदा, काल्पी करत कानपूरच्या लढाईकडे वळले. मार्च 1858मध्ये, इंग्रजांची मुख्य फौज लखनौत गुंतलेली असताना, त्यांनी अत्रौलियाला कर्नल मिलमनला हरवून आझमगढ घेतले. ही वेळ साधणे घाबरून पळणाऱ्याचे नव्हे. सावरकरांनी 1857वरच्या आपल्या ग्रंथात त्यांचा गनिमी कावा गौरवला, तो उगाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जमीनदाराच्या लढ्यात रयतेचे काय? आजच्या अर्थाने त्यांना राष्ट्रवादी म्हणणे ओढूनताणून होईल, हे खरेच. तरीही एप्रिलमध्ये त्यांना पकडून देणाऱ्याला 25 हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले आणि कोणीही त्यांना धरून दिले नाही. ते जगदीशपूरकडे परतत असताना, नावा नाहीत म्हणून ते बलियाजवळ हत्तींवरून गंगा ओलांडणार, अशी आवई उठली. इंग्रज तिथे वाट पाहत राहिले आणि कुंवरसिंहांची फौज खाली शिवपूर घाटावरून नावांनी पार झाली. काठावरच्या लोकांची साथ नसती तर त्या नावा आल्या कुठून? गोळीने जायबंदी झालेला हात त्यांनी स्वतः कापून गंगेला वाहिला, असे भोजपुरी मुलूख आजही सांगतो. 23 एप्रिलला त्यांनी जगदीशपूरजवळ कॅप्टन ले ग्रँडची तुकडी मोडली आणि काही दिवसांतच ते वारले. कर्जदार गेला, म्हणजे कर्जाचे भांडणही तिथेच मिटायला हवे होते. पण त्यांचे भाऊ अमरसिंह यांच्या हाताखाली जगदीशपूरच्या जंगलातून पावसाळा उलटून जाईपर्यंत लढाई चालूच राहिली.