रंग शेवटी लागतो

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातलं कोडोली हे आजूबाजूच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. ऊस, दूध आणि शेतीची अवजारं यांच्या आधाराने इथले लहान धंदे चालतात : वेल्डिंग-फॅब्रिकेशनची दुकानं, गुऱ्हाळं, बेकऱ्या, शिलाईकाम. यांतल्या कुणालाही विचारून बघा, ‘तुमच्याकडे डिझाइनचं काम कोण बघतं?’ बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल : ‘आमचा धंदा तसला न्हवं.’ आणि हे उत्तर देणाऱ्याच्याच दारात, गिऱ्हाइकाच्या छोट्या ट्रॅक्टरला जोडता यावी म्हणून हूक खाली घेतलेली ट्रॉली उभी असेल.

हूक खाली घेणं हेच डिझाइन. पण ते करणारा त्याला डिझाइन समजत नाही. म्हणून तो त्याचे पैसे मागत नाही, त्याचं माप वहीत उतरवत नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून डोकं चालवतो. हे नुकसान मला फार मोठं वाटतं. ते होतं काही पक्क्या गैरसमजांमुळे. त्यातला एकेक घेऊ.

गैरसमज : डिझाइन म्हणजे वस्तू छान दिसावी म्हणून शेवटी केलेली सजावट

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांध असल्यामुळे रंगकाम त्यांना जमणार नव्हतं, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये त्यांनी तेच शिकवलं, बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग वैरण कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या भागातल्या यंत्रउद्योगाची ही सुरुवात रंग न ओळखणाऱ्या माणसाच्या हातून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या नांगराची अडचण दिसण्याची नव्हतीच. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. माती कोणती, ओढणारे बैल कसे, मोडलं तर गावात दुरुस्त कोण करणार आणि घेणाऱ्याच्या मनातली भीती कशी जाणार, हे प्रश्न सुटल्याशिवाय नांगर चालणार नव्हता. रंगाचा डबा उघडण्याआधी जे काही ठरवावं लागतं, ते सगळं डिझाइनमध्ये येतं.

डेन्मार्कच्या डिझाइन केंद्राने २००१ मध्ये उद्योगांसाठी चार पायऱ्यांची एक शिडी मांडली. पहिल्या पायरीवर डिझाइनचा विचारच नाही. दुसरीवर ते दिसण्यापुरतं. तिसरीवर ते कामाच्या पद्धतीत उतरतं आणि चौथीवर धंद्याची दिशा त्यावरून ठरते. आपले बहुतेक लहान उद्योजक स्वतःला पहिल्या पायरीवर समजतात. ट्रॉलीचा हूक बदलणारा मिस्त्री खरं तर तिसरीच्या उंबऱ्यावर असतो.

गैरसमज : नावीन्य आणायचं तर नवं, महागडं तंत्रज्ञान आणावं लागतं

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. कोडोलीच्या शेजारीच वारणानगर आहे, तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी समूहाचं गाव. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावं त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी कामं, शिक्षण असं सगळं त्या पडद्यावर येईल, ही अपेक्षा होती. त्या काळात हे धाडसच होतं आणि त्याचं मोल कमी नाही.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, केंटारो तोयामा आणि त्यांचे सहकारी इथे आले. शेतकरी केंद्रावर प्रत्यक्षात कशासाठी येतो, हे त्यांनी तपासलं. उत्तर अगदी साधं निघालं. माझा ऊस किती टन भरला, माझ्या नावावर खत किती निघालं, अशा कारखान्याशी असलेल्या व्यवहाराच्या दोन-चार आकड्यांसाठी लोक येत होते. तेवढ्यासाठी प्रत्येक गावात संगणक, वीज आणि दुरुस्तीचा खर्च चालला होता. मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. मुख्य ठिकाणच्या संगणकाला एक मोबाईल फोन जोडला. गावातून साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवायचा आणि उत्तरही एसएमएसनेच यायचं. संगणकावर होणारं काम याने कमी खर्चात झालं.

मला हा प्रयोग डिझाइनचा उत्तम धडा वाटतो, कारण त्यात यंत्र वाढलं नाही, कमी झालं. माणूस काय करतो हे नीट पाहिलं आणि जे कुणी वापरतच नव्हतं ते काढून टाकलं. लहान धंद्याला परवडेल असं नावीन्य बहुतेक वेळा याच वाटेने येतं.

फॅब्रिकेशनवाल्याला हे उद्यापासून करता येईल. विकलेली वस्तू सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या शेतात किंवा गोठ्यात जाऊन बघायची. त्याने कुठे तार बांधली आहे? दांड्याला चिंध्या कुठे गुंडाळल्या आहेत? खाली वीट कशासाठी सरकवली आहे? कोणता भाग काढून कोपऱ्यात फेकला आहे? ही प्रत्येक खूण म्हणजे न बोललेली तक्रार आहे. ‘काय अडचण हाय का?’ असं विचारलं तर गिऱ्हाईक भिडेपोटी ‘न्हाई, झ्याक चाललंय’ म्हणेल. तार मात्र खोटं बोलत नाही. अशा पाच घरांतल्या खुणा वहीत टिपल्या, तर पुढच्या वस्तूत काय बदलायचं ते आपोआप समोर येतं. आणि हो, वस्तू घेणारा आणि वापरणारा एकच असतो असंही नाही. कडबा-कुट्टी यंत्राचे पैसे घरातला पुरुष देतो, पण वैरण घालायची पाळी अनेकदा बाईवर येते. तिच्या उंचीचा आणि तिच्या हाताच्या सुरक्षेचा विचार करून यंत्राचं तोंड किती उंचीवर ठेवायचं, हे ठरवणाऱ्या दुकानाला जाहिरातीची गरज कमी पडेल.

गैरसमज : आपला माल परंपरेचा आहे, त्याला हात लावला की तो बिघडतो

कोल्हापुरी चपलेइतकी परंपरेची वस्तू आपल्याकडे दुसरी कोणती? पण आज ज्या नाजूक, दोन बाजूंना कान असलेल्या चपलेला आपण अस्सल म्हणतो, ती मुळात एक बदललेली वस्तू आहे. जुनं पायताण जाड, जड आणि शेतातल्या कामाचं होतं. १९२०च्या सुमारास सौदागर घराण्यातल्या कारागिरांनी तळ पातळ केला, कान जोडले आणि ती ‘कानवली’ मुंबईच्या दुकानात पाठवली, असं सांगितलं जातं. शहरात चालणाऱ्या पायाचा विचार झाला म्हणून ती वाचली आणि जगभर गेली. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी हे प्रकारही वेगवेगळ्या गावांनी आणि हातांनी केलेल्या बदलांचीच नावं आहेत.

आता गूळ बघा. कोल्हापूरच्या गूळबाजारात पूर्वापार ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, ओळखीचा. तो व्यापारासाठी सोयीचा : उचलायला, रचायला, सौद्याला. पण पुण्याच्या फ्लॅटमधल्या तीन माणसांच्या घरात तो जाणार कसा? म्हणून एक किलोचा रवा आला, मग वड्या, मग पावडर. इथे गुळव्याच्या कौशल्याला कुणी धक्का लावलेला नाही. काहिलीतली उकळी ओळखणं, भेंडीने मळी काढणं, नेमक्या क्षणी काहील उतरवणं, हे सगळं तसंच राहतं. प्रश्न पुढचे आहेत. गूळ फोडताना घरातली बाई बत्ता शोधते का? पावसाळ्यात तो पाझरला तर डब्याला चिकटतो का? एका कप चहाला एक वडी पुरते का? वेष्टनावर उगाच गुळाची आणि शेताची मोठी चित्रं छापण्यापेक्षा या तीन प्रश्नांवर महिनाभर काम केलं, तर गुऱ्हाळाचा माल वेगळा ओळखू येईल.

गैरसमज : डिझाइन ही परदेशी, मोठ्या शहरातली गोष्ट आहे

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशात फिरून त्यांना सर्वांत जास्त आवडलेली वस्तू होती साधा लोटा. पाणी किती मावतं, कमरेवर कसा टेकतो, भरलेला आणि रिकामा तोल कसा राहतो, हात आत जाऊन घासता येतो का, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या शोधून तो घडला, हे त्यांनी ओळखलं. म्हणजे परदेशी जाणकारांनाही उत्तम डिझाइन दिसलं ते आपल्याच घरात. महाराष्ट्रातही पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक डिझाइन शिकवलं जातं आहे.

गैरसमज : डिझायनर आपल्याला परवडत नाही

पहिली गोष्ट, अर्ध्याहून जास्त काम डिझायनरशिवाय होतं, आणि ते वर सांगितलं आहे. दुसरी गोष्ट, चूक जितकी लवकर सापडेल तितकी ती स्वस्त पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीतल्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही : कागदावरची रेघ खोडायला खोडरबर लागतं, पॅटर्न बदलायला पैसे लागतात आणि ओतलेला माल तर भंगारात जातो. म्हणून पुठ्ठ्याचा, प्लायवूडचा किंवा जुन्या पत्र्याचा नमुना आधी करावा, तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, आणि मगच लोखंड कापावं.

तिसरी गोष्ट, मदतीची सोय आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२२ मध्ये ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजना सुरू केली. तिच्या डिझाइन विभागात सूक्ष्म उद्योगाच्या मान्य प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि लघु व मध्यम उद्योगाच्या ६० टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलतं. मर्यादा ४० लाख रुपयांची. डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून काम करून घेण्याचीही तरतूद आहे, तिची मर्यादा अडीच लाखांची. अट म्हणून उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि मोफत असते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. कोडोलीतलं जवळपास प्रत्येक दुकान त्यात बसेल.

गैरसमज : जीआय मिळालं, आता आपली नक्कल कुणी करू शकत नाही

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडे संताप उसळला, आणि तो रास्तच होता. मग कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांचं पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. मानांकन मुख्यतः नावाचं आणि त्या भूभागाशी जोडलेल्या लौकिकाचं रक्षण करतं. नाव न घेता आकार उचलणाऱ्याला अडवायला ते अपुरं पडतं.

एखाद्या दुकानाने स्वतः काढलेल्या नव्या आकाराला, घडणीला किंवा नक्षीला संरक्षण मिळतं ते डिझाइन्स कायदा, २००० खाली. नोंदणी दहा वर्षांची, आणखी पाच वर्षं वाढवता येते. व्यक्ती आणि लघु उद्योगासाठी अर्जाचं शुल्क एक हजार रुपये आहे. हा कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचं रक्षण करतो. यंत्र आतून कसं चालतं याचं नाही, त्यासाठी पेटंट. आणि एक अट आपल्याकडे सर्वांत जास्त नडते : अर्जाआधी ते डिझाइन कुठेही उघड झालेलं नसावं. आपण करतो नेमकं उलटं. नवी वस्तू तयार झाली, की संध्याकाळी तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर, दुसऱ्या दिवशी दुकानासमोर, आणि शेजारच्या तालुक्यात महिनाभरात तिची जुळी.

म्हणून क्रम असा ठेवा. नमुना पुरा झाला की सर्व बाजूंनी स्वच्छ फोटो काढा, मापं उतरवा आणि ते दोन्ही घरातच ठेवा. ज्यांना वापरून बघायला दिला, त्यांनी बाहेर दाखवू नये असं साध्या कागदावर लिहून सही घ्या. मग पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर डिझाइन नोंदणीचा अर्ज भरा. तारीख धरली जाते ती अर्जाची. तो दाखल झाल्याची पावती हातात आली, की त्याच संध्याकाळी स्टेटस ठेवायला हरकत नाही.