मनातलं बोलता येईना? सुई-दोरा घ्या

पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो. हाताला पट्टा बांधला की बाया सांगू लागतात : झोप लागत नाही, डोकं जड राहतं, जीव घाबरतो. तपासण्या करून घेतल्या तरी पुष्कळदा काही निघत नाही. दुखणं मनात असतं. कुणाचा नवरा चाकणला कंत्राटी कामावर, ब्रेक कधी मिळेल नेम नाही. कुणाचं जवळचं माणूस गेलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत रडायचं तरी कुठं?

अशा बायांसोबत आम्ही गोधडी शिवायला बसतो. नमुना नाही, आखणी नाही. जुनी साडी, गेलेल्या माणसाचा सदरा, बाळाचं झबलं, बटणं, हाताला येईल ते जोडायचं. हवं तिथं ठिगळ, हवा तसा धावदोरा. एका ताईंनी नवऱ्याच्या कंपनीच्या शर्टाचा खिसा मधोमध लावला. तीन आठवडे त्या काहीच बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात खिशावरून हात फिरवत अपघाताचं सगळं सांगितलं आणि पोटभर रडल्या. आम्ही ऐकत राहिलो.

एक आजी मात्र रागावल्या : ‘बाबासाहेबांनी चिंध्यांतून बाहेर काढलं, तुम्ही परत चिंध्याच हातात देता?’ प्रश्न खरा आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाकायला सांगितलं. तो लादलेला होता. इथं कापड आपलं, निवड आपली. भिक्खूंचं चीवरही तुकडे जोडूनच होतं. भन्ते आनंदांनी मगधातल्या शेतांचे बांध डोळ्यांपुढे ठेवून त्याची रचना केली, असं विनयपिटकात आहे. पुढच्या खेपेला आजींनी आपल्या आईच्या लुगड्याचा काठ आणला.

घरी करताना कपडे आधी धुऊन उन्हात वाळवा. कंपनीतल्या तेलकट चिंध्या घेऊ नका. उजेडात शिवा, जवळचं दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या. सुया मोजून ठेवा, घरात लेकरं असतात. आणि कुणाच्या शिवणीला नावं ठेवू नका.

गोधडी हे औषध नव्हे. चालू गोळ्या बंद करू नका. दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप-भूक उडाली, तर दवाखाना गाठा. जीव नकोसा झाला तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस, फुकट लागतो. मराठीत बोलता येतं. तापासाठी दवाखान्यात जाताना आपण लाजत नाही, मग मनासाठी का लाजायचं?

जय भीम!