माळावरची मधमाशी जगते कशावर? बांधावर जेसीबी घालण्याआधी हे वाचा

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. तिथं जांभूळ आहे, हिरडा आहे, दाट जंगल आहे. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावच्या उघड्या माळावर मात्र माशी जगते ती आपण ‘काटवन’ म्हणून उपटून टाकतो त्यावर.

वर्षाचा हिशोब बघा. चैत्र-वैशाखात शेतं मोकळी, तेव्हा कडुनिंब आणि करंज फुलतात. मागून चिंच, खैर. पावसाळा लागला की माशीचे खरे हाल. आषाढातला वारा पवनचक्कीला बरा, माशीला नाही. अशा वाऱ्यात ती पोळ्याबाहेर पडत नाही, साठवलेल्या मधावर दिवस काढते. भाद्रपदाच्या सुमारास बोर आणि हिवर फुलले की तिला पुन्हा चारा मिळतो. बोरीचं फूल एवढंसं, नजरेत भरत नाही; पण झाडाखाली उभं राहून कान द्या, सगळी बोर गुणगुणत असते. थंडीत शाळूचा पराग मिळतो. त्यात मध नाही, पण पिल्लांना पराग लागतोच. आणि एकदांडी, जिला आपण तण म्हणतो, ती जवळपास बारमाही.

सातेरी माशी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच चारा शोधते. म्हणजे लांबच्या डोंगरावर कितीही फुलोरा असला तरी तुमच्या रानातल्या माशीला त्याचा उपयोग नाही. शिवाय बोर-हिवराची रांग वारा अडवते, तिच्या आडोशानं माशी फिरते. रांग गेली की चाराही गेला आणि आडोसाही.

याचा फटका बसतो कांद्याच्या बियाण्याला. डोंगळ्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो आणते माशी. सूर्यफूल, कलिंगडाचंही तसंच. भाड्यानं पेट्या आणता येतात, पण तो दरवर्षीचा खर्च झाला.

बांध साफ करायचाच असेल तर एका वर्षी एकच बाजू घ्या. बोर मुळासकट काढू नका, उन्हाळ्यात छाटा. नव्या फुटीवरच फूल येतं. फुललेल्या बांधावर तणनाशक नको. आणि पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक शक्यतो मारूच नका. अगदी टळत नसेल तर दिवस मावळल्यावर, माश्या पोळ्यात परतल्यावर मारा.